एलीश्वाची मंत्रकोडी

जेसम्मानं सासूची पेटी पुन्हा एकदा तळापर्यंत उपसली, तरी मंत्रकोडी काही सापडेना. डॉक्टरांनी हात टेकले होते. घरी न्या, कांजी जाईल तोवर भरवा, असं सांगून त्यांनी एलीश्वाला परत पाठवलं होतं, आणि अशा वेळी शहाण्या सुनेनं जे करायचं तेच जेसम्मा करत होती. लग्नात नवरा डोक्यावर घालतो ते जरीचं वस्त्र बाई जन्मभर पेटीत जपते. त्यातलेच सात धागे काढून, त्यांच्या पिळात मिन्नू, म्हणजे मंगळसूत्राचं सोन्याचं पान, ओवून तिच्या गळ्यात बांधलेलं असतं. मेल्यावर तेच अंगावर घालून ती जाते. मग ते वेळीच उन्हात घालायला नको? कसर लागली असेल तर झटकायला नको? पण पेटीत निघालं काय, तर डांबराच्या गोळ्या, झंपरासारखे दोन पांढरे चट्टे, नातवाचं पहिलं झबलं आणि तळाला अंथरलेला जुना पेपर. सुनेनं विकून खाल्ली, असं उद्या कुणी म्हणालं तर? लोकांच्या जिभेला काय हाड असतं?

"शोधू नकोस गं," भिंतीकडे तोंड करून पडलेली एलीश्वा म्हणाली. "ती पुरलीय."

म्हातारीचं डोकं फिरलं असं समजून जेसम्मानं सासऱ्याला हाक मारली. औसेप ओसरीवर छत्रीची काडी बसवत होता. तो आत आला, उघडी पेटी पाहिली, बायकोकडे पाहिलं आणि झाकण लावून त्याच्यावरच बसला. म्हातारी भ्रमात बोलत नव्हती, हे जेसम्माला तेव्हाच कळून चुकलं.

औसेप आमच्या चर्चचा कप्यार. घंटा वाजवायची, मेणबत्त्या लावायच्या, अच्चनच्या, म्हणजे पाद्रीबाबांच्या, हातात धुपाटणं द्यायचं, मयताच्या पुढे क्रूस घेऊन चालायचं, सगळं त्याच्याकडे. शिवाय रविवारी ओसरीवर पोरांना धर्मशिक्षण. तीन अच्चन आले नि गेले, कप्यार तोच. आणि नियमाला असा चिकट की विचारू नका. स्वर्गाच्या दारात संत पेत्र एखाद्या पुण्यवानाला आत घेईलही, पण औसेप त्याला परत पाठवून चपला बाहेर काढायला लावेल, असं आमच्याकडे गमतीनं म्हणत. औसेपला ती गंमत कळत नसे. चपला बाहेरच काढायच्या असतात, एवढंच तो म्हणायचा.

या नियमानंच त्याचा घात केला होता. लग्नाला वर्ष झालं असेल-नसेल तेव्हाची गोष्ट. एलीश्वाचे दिवस पुरे भरले नव्हते आणि पहाटे कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. रडली नाही, नुसती तोंड उघडून मासोळीसारखी दोन-चारदा श्वास घ्यायची आणि थांबायची. सुईण जुनी, तिनं हजार पोरं पाहिलेली. तिनं दाराशी येऊन सांगितलं, हे काही टिकत नाही, पाणी घाल बाबा लवकर. मरणाच्या दारातल्या मुलाला कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, अच्चनच पाहिजे असं नाही. डोक्यावर तीनदा पाणी घालायचं आणि बापाच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं म्हणायचं, झालं. हे औसेपहून चांगलं कुणाला ठाऊक होतं? तोच तर पोरांना शिकवायचा. त्याच्या हाताशी पातेलंही होतं. पण त्यात बाळंतिणीला शेकायला म्हणून फणसाची पानं नि हळद घालून उकळलेलं लालसर पाणी. आणि पोरांना तो पुढची ओळही शिकवायचा, की बाप्तिस्म्याला शुद्ध पाणी लागतं. चहा चालत नाही, रस्सा चालत नाही, नारळाचं पाणी चालत नाही. हे आता चहात धरायचं की पाण्यात? पातेल्यावर वाकून तो तेवढा वेळ उभा राहिला. मग कळशी उचलून विहिरीकडे पळाला.

विहीर उताराच्या खाली, खोल. पोहरा एकदा कपारीला अडकला. पाणी घेऊन धापा टाकत तो वर आला तेव्हा सुईण मुलीचे डोळे मिटत होती.

मेलेल्याला बाप्तिस्मा देता येत नाही. आणि बाप्तिस्म्याविना गेलेल्याला चर्चच्या मातीत जागा नाही. त्या वेळी असंच होतं. अशी पोरं स्वर्गात जात नाहीत, नरकातही नाही, मधल्याच एका ठिकाणी राहतात. तिथे दुःख नाही, पण देवाचं दर्शनही नाही, असं सगळे धरून चालायचे. तेव्हाच्या म्हाताऱ्या अच्चननं औसेपचं सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ कपाळ चोळत बसले. मग म्हणाले, "पाणीच होतं रे ते, औसेपा. पानं घातली म्हणून पाण्याचं काय दुसरं काही होतं?" बिचाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण त्या वाक्यानं औसेप जो मोडला तो पुन्हा सरळ झालाच नाही. तेव्हापासून तर कुठलीही गोष्ट अच्चनना विचारल्याशिवाय करायला तो धजेना. चुकलो तर, ही भीती त्याच्या हाडात शिरली. लोक त्याला नियमाचा पक्का म्हणत, ते खरं म्हणजे हे होतं.

मुलीला त्यानं स्वतःच्याच आवारात, उताराच्या कडेला पुरलं. गुंडाळायला जुनेर शोधत होता, तर एलीश्वा अंथरुणातून म्हणाली, पेटीतली माझी मंत्रकोडी काढा. तो म्हणाला, अगं, ती तुला लागेल. ती म्हणाली, मला लागेल तेव्हा बघू, तिला आत्ता लागतेय. त्यानं दिली. पुढे तिथला टॅपिओका काढून रबर लावलं, तेव्हा दोरी धरून आखलेल्या रांगेत एक खड्डा औसेपनं मोकळाच सोडला. चीक काढायला येणारा प्रत्येक गडी विचारायचा, इथलं झाड मेलं का हो? औसेप म्हणायचा, हो. नंतर कुरियन झाला, मग दुसरी मुलगी झाली. थोरल्या मुलीला बापाच्या आईचं नाव द्यायची आमची रीत, तसं तिचं मरियाम ठेवलं. म्हणजे पहिलीचा नावावरचा हक्कही धाकटीकडे गेला. त्या दिवशी बारशाच्या जेवणात एलीश्वानं घासभर भात खाल्ला नाही.

तिनं नवऱ्याला कधी शब्दानं टोचलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. फक्त रविवारी ओसरीवर पोरं धडा घोकायला लागली की ती स्वयंपाकघरात भांडी आपटायची. देवानं तुला कशासाठी घडवलं, हा त्यातला प्रश्न. त्याला ओळखावं, त्याच्यावर प्रेम करावं, त्याची सेवा करावी आणि शेवटी त्याच्याजवळ स्वर्गात राहावं म्हणून, हे उत्तर. पोरं बेंबीच्या देठापासून ओरडून सांगायची आणि आतून पातेल्यांचा खणखणाट व्हायचा. औसेपला त्या आवाजाचा अर्थ कळायचा. पुढचा प्रश्न तो घाईघाईनं घ्यायचा.

तर आता पेटीवर बसलेल्या नवऱ्याकडे एलीश्वानं तोंड वळवलं. जेसम्मा जायला निघाली तर तिला म्हणाली, राहा, तूही ऐक, या घरात तुझ्या नवऱ्याच्या आधी एक पोर झालं होतं. आणि धाप लागेल तसं थांबत थांबत तिनं सगळं सांगितलं. जेसम्मा पदर तोंडाला लावून ऐकत राहिली. सांगून झाल्यावर एलीश्वा औसेपला म्हणाली, "मला तिच्या शेजारी पुरा, असं मी म्हणत नाही. चर्चची जागा सोडून रबरात पुरलं तर लोक म्हणतील, काहीतरी पाप असणार बाईचं. पोराबाळांना त्याचा त्रास नको. तिलाच आणा माझ्याकडे. शवपेटीत माझ्यासोबत ठेवा."

औसेप खाली बघत म्हणाला, "एली, पवित्र जमीन आहे ती. असं परस्पर कसं करता येईल? अच्चनना विचारावं लागेल."

"विचारा. तुम्ही विचाराच." ती हसली, आणि हसण्याचा खोकला झाला. जेसम्मानं पाठ चोळली. "शेवटच्या दिवशी तुतारी वाजणार, सगळे मेलेले उठणार, हे तुम्हीच शिकवता ना पोरांना? मी उठेन तिकडे चर्चच्या मागे, सगळ्यांच्या गर्दीत. आणि ती इकडे रबराच्या रांगेत एकटी उठणार. चालता तरी येतं का तिला? तिथे तिला दुःख नाही म्हणता तुम्ही लोक. आईवाचून तान्ह्या पोराला दुःख नाही, हे कुणा पुरुषानं ठरवलं?"

औसेप पेटीची कडी बोटानं वर-खाली करत राहिला.

"आणि देवानं तिला कशासाठी घडवलं ते सांगा. ओळखायला वेळ नाही मिळाला, प्रेम करायला नाही, सेवा करायला नाही. तुमच्या उत्तरात ती कुठे बसते?"

"मला माहीत नाही, एली."

"मला माहीत आहे. मी आई व्हावं म्हणून घडवलं. कुरियननं मला आई केलं नाही, तिनं केलं. एवढं काम करून गेली ती. आता हाक मारून तिला उठवायला कुणी नको?"

"हाक काय मारणार? नाव कुठे आहे तिला?" औसेपच्या तोंडून निघून गेलं.

एलीश्वानं जेसम्माचा हात पाठीवरून बाजूला केला. मग म्हणाली, "आहे. मी ठेवलंय. रोज घेते मनात. आधी तिला आणून द्या, मग सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी औसेप चर्चमध्ये गेला तर अच्चन नाहीत. आताचे जॉबी अच्चन तरुण, हसरे, पोरांबरोबर व्हॉलीबॉल खेळणारे. ते बिशपांच्या वाड्यावर सगळ्या अच्चनांच्या बैठकीला गेले होते. कुरियन बापाला म्हणाला, चाचन, तिथे फोन आहे, लावून विचारू या. औसेप भडकला. अशी गोष्ट फोनवर विचारतात? आणि विचारायचं काय, म्हणायला सोपं, पण त्याच्या मनात दहा शंका. काहीच उरलं नसेल तर नुसती माती पवित्र जमिनीत नेता येते का? पेटीत दुसऱ्या माणसाचा अंश ठेवायला वरची परवानगी लागते का? ते सगळं समोरासमोर, नीटच विचारलं पाहिजे. निघताना त्यानं एलीश्वाच्या कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ गार होतं. जातो आणि विचारून येतो, असं त्यानं सांगितलं. तिनं मान हलवली. हो म्हणाली की नको, ते त्याला कळलं नाही.

बस धरून तो वाड्यावर पोचला. सभागृहाच्या बाहेर व्हरांड्यात एक बाक होता, तिथे छत्री मांडीवर घेऊन बसला. उघड्या दारातून जॉबी अच्चन दिसत होते, तिसऱ्या रांगेत, वहीत काही लिहीत. खूण केली असती तर उठून आले असते. औसेप दोनदा उठला आणि दोनदा बसला. मोठी माणसं बोलतायत, मध्ये कसं शिरायचं? मग चहाची सुट्टी झाली. अच्चन कप हातात घेऊन कुणाशी तरी हसत उभे राहिले. चहा तरी पिऊ दे बिचाऱ्याला, औसेपनं मनाशी म्हटलं. चहा झाला, आणि सगळे परत आत गेले.

काय म्हणावं या माणसाला? रागही येतो आणि पोटात तुटतंही.

थोड्या वेळानं ऑफिसातला कारकून बाहेर आला आणि व्हरांड्यात बघत म्हणाला, कप्यार औसेप कोण? तुमच्या घरून फोन आहे. औसेप उठला नाही. उठायची गरजच नव्हती. माणसाला फोनवर काय सांगायला बोलावतात हे जन्मभर मयताची घंटा वाजवणाऱ्याला कळत नाही होय? त्यानं छत्री बाकावर ठेवली, ती तिथेच राहिली.

तो गावात बसमधून उतरला तेव्हा वळणावर पोरं मयताच्या घराची खूण म्हणून काळा झेंडा बांधत होती. त्यांनी हातातलं काम थांबवून त्याला वाट करून दिली. अंगणात खुर्च्या येऊन पडल्या होत्या. जेसम्मानं दारातच सांगितलं. औसेप गेल्यावर तासाभरात श्वास लागला. दोनदा विचारलं, हे आले का? जेसम्मानं विचारलं, अम्मच्ची, काही सांगायचंय का, मला सांगा, मी चाचनना सांगेन. तर म्हणाली, तुला नाही. त्यानंतर बोललीच नाही.

औसेप आत गेला नाही. परसात जाऊन त्यानं कुदळ आणि फावडं घेतलं आणि उताराकडे निघाला. लोक जमायला लागलेले, नातेवाईक येणार, आणि हा म्हातारा कुदळ घेऊन कुठे चालला, म्हणून कुरियन मागे धावला. जेसम्मानं रात्रीच त्याला सगळं सांगितलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि बापाला असं चालताना बघणं वेगळं. तो म्हणाला, चाचन, आधी अच्चनना येऊ द्या, विचारू आपण.

"आता कुणालाही विचारायचं नाही," औसेप म्हणाला. "तुझ्या थोरल्या बहिणीला आणायला चाललोय. यायचं तर ये."

रबराच्या रांगेतल्या मोकळ्या जागी त्यानं पहिला घाव घातला. कुरियननं कुदळ मागितली ती दिली नाही. वरून मुळं आडवी आली होती, ती त्यानं हातानं तोडली. खाली लाल माती, मऊ. गुडघ्यावर बसून तो हातानं उकरायला लागला. हाडं नव्हती. एवढ्याशा जिवाची हाडं ती केवढी, मातीनं ती केव्हाच आपली केली होती. औसेप ढेकूळ न् ढेकूळ फोडून बघत होता. कुरियनला वाटलं आता याला उठवावं. तेवढ्यात बापाच्या बोटांत काहीतरी अडकलं. केसांसारखे काळपट, गुंतलेले धागे. औसेपनं त्यातला एक अंगठ्यानं चोळला, तर आतून पिवळं चमकलं. मंत्रकोडीची जर होती ती. कापड गेलं होतं, मूल गेलं होतं, पण लग्नाच्या वेळी औसेपच्या बापानं पारखून घेतलेली अस्सल जर तेवढी राहिली होती. औसेप तिथेच मांडी घालून बसला आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडला. कुरियननं बापाला कधी रडताना पाहिलं नव्हतं, त्याला काय करावं कळेना, मग तोही शेजारी बसला.

घरी आल्यावर औसेपनं, मयताचं तोंड झाकायला आणलेलं पांढरं फडकं मागून घेतलं. मधोमध फाडून अर्ध्यात ती माती आणि जर बांधली. अर्धं तसंच घडी करून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एलीश्वाला नेलं. पांढरा चट्टा, कमरेला मागे पंख्यासारख्या चुण्या पाडून नेसवलेलं मुंडू, हातात जपमाळ. मंत्रकोडी नव्हती. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, पण जेसम्मा अशी ताठ उभी होती की कुणी तोंड उघडलं नाही. घंटा दुसऱ्यानं वाजवली. ठोके चुकत होते, आणि औसेपनं मान वर करून पाहिलंही नाही.

चर्चमागच्या दफनभूमीत पेटी खाली ठेवली आणि शेवटचा मुका घ्यायची वेळ आली. याच जागी उभं राहून औसेपनं आजवर किती जणांना घाई केली होती, चला, आटपा, ऊन उतरतंय. आज त्याला घाई करायची कुणाची छाती नव्हती. मरियामनं घेतला, कुरियननं घेतला, नातवंडांनी घेतला. सगळ्यांच्या शेवटी औसेप वाकला. कपाळाचा मुका घेतला. मग आपल्या कमरेच्या मुंडूच्या ओच्यातून ते गाठोडं काढून तिच्या डाव्या हाताच्या घडीत, तान्हं मूल धरतात तिथे, नीट बसवलं. जपमाळ थोडी सरकवली.

मागे कुजबुज झाली. चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक जण खाकरला. जॉबी अच्चन हातात पुस्तक घेऊन उभे होते. ते खाली वाकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "कप्यारचेट्टा, काय आहे हे?"

"मूल आहे, अच्चन. आमचं," औसेप म्हणाला. चालेल का, असं त्याच्या आवाजात नव्हतं. तो सांगत होता.

अच्चननं त्याच्याकडे पाहिलं, गाठोड्याकडे पाहिलं, कारभाऱ्याकडे एकदा असं पाहिलं की त्याचं खाकरणं थांबलं. मग त्यांनी मंतरलेलं पाणी घेतलं आणि पेटीवर शिंपडलं. मेलेल्याला बाप्तिस्मा चालत नाही, हे त्या गर्दीत औसेपइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी तो वाकून बघत होता. तीन-चार थेंब फडक्यावर पडले आणि खालची माती लाल होऊन वर उमटली.

पुढच्या प्रार्थनेत मृताचं नाव घ्यायचं असतं. अच्चननं एलीश्वाचं नाव घेतलं आणि थांबले. पुस्तकावरून मान वर करून त्यांनी विचारलं, "आणि बाळाचं नाव?"

औसेपनं बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ओठ किंचित उघडे होते.

"तिच्या आईला ठाऊक आहे," तो म्हणाला, आणि घडी उलगडून त्यानं उरलेलं अर्धं फडकं एलीश्वाच्या तोंडावर घातलं.